उपनगराच्या गच्चीवरून आकाशनिरीक्षण: कशाच्या आधी काय करायचं

दिवाळी सरली, हवा कोरडी झाली की मला तेच ते फोन येऊ लागतात. "दुर्बीण घेतली, गच्चीवर लावली, पण चंद्र सोडला तर काहीच दिसत नाही." मी तीन गोष्टी विचारतो: कुठे उभे होतात, किती वाजता, आणि काय शोधत होतात? उत्तरंही ठरलेली: गच्चीच्या कठड्याशी, संध्याकाळी सातला, आणि फोटोत पाहिलेली एखादी दीर्घिका. दुर्बीण बहुतेक वेळा चांगलीच असते, पण कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी दुर्बीण घेतली जाते, मग वस्तू ठरते, आणि जागेचा विचार सगळ्यात शेवटी किंवा कधीच होत नाही.

मी डोंबिवलीत चार मजली इमारतीच्या गच्चीवरून आकाश बघतो. एका बाजूला ठाणे-मुंबईचा उजेड, दुसरीकडे नवी मुंबईचा, तिसरीकडे कल्याणचा. पुढे जे लिहिलं आहे ते या गच्चीवरचं आहे, पण विरार, पनवेल किंवा पिंपरी-चिंचवडच्या गच्चीवरही तेच करावं लागेल. क्रम मात्र मोडू नका. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

१. आधी उजेड ओळखा

प्रकाशप्रदूषण हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या त्रासांसाठी वापरतो आणि तिथेच पहिली चूक होते.

एक उजेड थेट डोळ्यांत येतो. शेजारच्या सोसायटीचा फ्लडलाइट, रस्त्यावरचा एलईडी दिवा, समोरच्या बाल्कनीतली ट्यूब. हा उजेड तुम्हाला अडवता येतो, आणि तोही जवळजवळ फुकटात.

दुसरा उजेड आकाशातच पसरलेला असतो. शहरातले लाखो दिवे वर जाणारा प्रकाश टाकतात, हवेतली धूळ आणि बाष्प तो विखुरतात, आणि सगळं आकाश राखाडी-नारिंगी होतं. हा तुमच्या हातात नाही. त्याच्यासमोर एकच उपाय चालतो: त्याला पुरून उरतील अशाच वस्तू निवडायच्या.

लोक नेमकं उलटं करतात. जो उजेड अडवता येतो तो तसाच सोसतात, आणि जो अडवता येत नाही त्याच्याविरुद्ध महागडी फिल्टर विकत घेतात.

२. जागा रात्रीच ठरवा

दिवसा गच्चीवर जाऊन "इथून आकाश मोकळं दिसतं" म्हणत जागा ठरवू नका. मोकळी जागा म्हणजे चारही बाजूंनी दिवे अंगावर येणारी जागा. कठड्याजवळचा कोपरा तर सगळ्यात वाईट, कारण तिथून खालचे रस्त्यावरचे दिवेही दिसतात.

रात्री नऊ वाजता एक वही घेऊन वर जा. वही उघडी धरा आणि तिच्यावर दुसरा हात आडवा धरा. पानावर हाताची सावली पडते का बघा. पडत असेल तर त्या सावलीच्या उलट दिशेला तुमचा शत्रू दिवा आहे. पाण्याच्या टाकीच्या आड, जिन्याच्या खोलीच्या मागे, लिफ्टच्या मशीनरूमच्या भिंतीशी असं फिरत राहा. जिथे पानावर सावली दिसेनाशी होते किंवा अगदी फिकी होते, ती तुमची जागा. माझ्या गच्चीवर अशी जागा दोन टाक्यांच्या मधली जेमतेम सहा बाय सहा फुटांची आहे. तिथून उत्तर पूर्ण झाकली जाते, पण दक्षिणेचं आणि डोक्यावरचं आकाश मिळतं. हा सौदा मला मान्य आहे.

अशी जागाच नसेल तर तयार करा. कपडे वाळत घालायच्या दोरीवर दोन जाड चादरी टाकल्या की एक दिवा अडतो. त्याहून चांगलं म्हणजे दोन मीटर काळं सुती कापड. पूर्वीचे फोटोग्राफर घ्यायचे तसं ते डोक्यावरून घेऊन दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावायचा. कापडाखाली पहिली पाच मिनिटं उकडेल. पण आधी दिसत नसलेले तारे त्याच आयपीसमध्ये उमटायला लागतात, तेव्हा पटतं.

सावधान: ज्या भिंतीला दिवसभर ऊन लागलं आहे ती रात्री दहापर्यंत गरम हवा सोडत असते. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून किंवा स्वयंपाकघराच्या धुरांड्यावरून नजर जात असेल तर ग्रह उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखे हलतात. आडोसा हवा, पण भिंतीला चिकटून बसू नका. तीन-चार फूट अंतर ठेवा.

आणखी एक: अंधारात गच्चीवर केबल, सोलर हीटरचे पाइप, डिश अँटेनाचे पाय असतात. दिवसा उजेडी त्यांच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवा. कठडा कमरेपेक्षा खाली असेल तर तिथे दुर्बीण लावायचीच नाही. आयपीसमध्ये डोळा असताना माणूस नकळत मागे सरकतो.

३. सोसायटी आणि शेजारी

हा टप्पा लोक वगळतात आणि मग पहिल्याच महिन्यात छंद बंद पडतो. रात्री गच्चीवर एक माणूस, काळं कापड, लांब नळी. समोरच्या इमारतीतल्या घरांना काय वाटेल याचा विचार करा. आमच्या इथे एका तरुण मुलाविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार झाली होती. तो बिचारा गुरू बघत होता.

सेक्रेटरींना लेखी कळवा: कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, सोबत कोण. वॉचमनला आधी सांगा. गच्चीची किल्ली सही करून घ्या आणि परत द्या. आणि महत्त्वाचं, समोरच्या घरांतल्या मंडळींना एकदा वर बोलावून चंद्र दाखवा. यासाठी नवरात्रातली अष्टमी उत्तम, कारण तेव्हा चंद्र अर्धा असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. कोजागिरीला सगळे आपोआप गच्चीवर येतात खरे, पण पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, आणि तो दुर्बिणीतून सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. दूध प्यायला कोजागिरी, चंद्र बघायला अष्टमी.

४. रात्र निवडा

भिंतीवरचं कालनिर्णय काढा. संध्याकाळी निरीक्षण करायचं तर साधारण वद्य षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे दिवस तुमचे. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. त्यानंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे दोन-तीन दिवसांत तुम्हाला रात्री साडेदहा-अकरापर्यंत चंद्राविना आकाश मिळतं. शुद्ध तृतीयेची कोर लवकर मावळते, तिचा त्रास नाही. मधल्या शुद्ध पक्षात चंद्र, ग्रह आणि द्वैती तारे (डोळ्यांना एक, पण दुर्बिणीत दोन दिसणारे) बघा. त्यांना चांदण्याचा काही फरक पडत नाही.

अमावस्या म्हटली की सगळे दिवाळीच्या अमावस्येला दुर्बीण काढतात. ती रात्र सोडा. फटाक्यांचा धूर आणि रोषणाई दोन्ही शिगेला असतात.

आता हवा. उपनगरात हवेतली धूळ हाच उजेडाचा पडदा असतो. हवा धुतली गेली की तेच दिवे असूनही आकाश काळं होतं. म्हणून पाऊस उघडल्यानंतरच्या ऑक्टोबरमधल्या रात्री सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असतं, पण थंडीत धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहते. निरभ्र म्हणजे स्वच्छ नव्हे.

तपासा: दुपारी इमारतीच्या कोपऱ्याआड सूर्य लपेल असं उभं राहा आणि त्या कडेजवळचं आकाश बघा (सूर्य स्वतः दिसता कामा नये). निळं असेल तर रात्र चांगली. दुधाळ पांढरं असेल तर मंद वस्तूंच्या नादी लागू नका, फक्त ग्रह बघा. माझी दुसरी खूण मलंगगड. दुपारी गच्चीवरून त्याचे सुळके धारदार दिसले तर मी संध्याकाळची तयारी करतो. तुमच्या गावातला एखादा लांबचा डोंगर किंवा टॉवर असाच नेमून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर सूर्यास्तानंतर सव्वा तास तरी थांबा. आपल्याकडे संधिप्रकाश पुरता जायला तेवढा वेळ लागतो. दहानंतर दुकानांच्या पाट्या आणि घरांतले दिवे कमी होतात, मध्यरात्रीनंतर आणखी. जी वस्तू आठ वाजता दिसली नाही ती साडेअकराला दिसू शकते.

५. डोळे तयार करा

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बाहुली काही क्षणांतच मोठी होते, पण पडद्यावरच्या मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींमधलं रसायन पुन्हा साठायला वेळ लागतो. एकदा मोबाइल उघडला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

"आमच्याकडे एवढा उजेड, मग अंधाराची सवय कशाला?" असं विचारतात. पूर्ण सवय उपनगरात होत नाही हे खरं, पण जेवढी होते तेवढीच तर आपली शिल्लक आहे. ती जपा.

बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाच्या तीन घड्या रबरबँडने बांधा. एक घडी पुरत नाही, गुलाबी उजेड पडतो. नकाशाचं ॲप वापरत असाल तर स्टेलारियममध्ये रात्रीचा लाल पडदा आहे, तो खाली असतानाच लावा आणि ब्राइटनेस तळाला न्या. नोटिफिकेशन बंद. सोबतच्यांनाही हे आधीच सांगा, कारण एकाचा फोन सगळ्यांचे डोळे घालवतो.

तिरकी नजरही आत्ताच शिकून घ्या. मंद वस्तूकडे सरळ बघितलं की ती नाहीशी होते, थोडं बाजूला बघितलं की उमटते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या बरोबर मध्यावर नसतात. हे सवयीनं जमतं, एका रात्रीत नाही.

डासांचं मलम लावायचं तर तळहातानं लावा आणि बोटं पुसा. बोटांवरचं मलम आयपीसच्या काचेवर गेलं की प्रत्येक ताऱ्याभोवती धुकं दिसतं आणि माणूस उगाच आकाशाला दोष देतो.

६. आजचं आकाश मोजा

दुर्बिणीला हात लावण्याआधी नुसत्या डोळ्यांनी आकाशाचं माप घ्या. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. खऱ्या अंधारात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. उपनगरात साडेतीन ते साडेचार.

थंडीत मृग नक्षत्र घ्या. चार पाय आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण कुठूनही दिसतो. प्रश्न शीर्षाचा आहे. मृगाच्या डोक्याशी तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण असतो. त्यातला एकच दिसला तर तुमची मर्यादा साडेतीनच्या आसपास. तिन्ही दिसले तर जवळजवळ साडेचार, आणि उपनगरासाठी ही चांगली रात्र. एकही नाही, तर ग्रह बघून झोपा.

उन्हाळ्यात सप्तर्षी वापरा. सातांपैकी सर्वांत मंद अत्री, प्रत ३.३. चौकोनाला शेपटी जिथे जोडली आहे तिथला तारा. तो दिसलाच पाहिजे. मग वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधा, ती चौथ्या प्रतीची आहे. लग्नात भटजी दाखवतात तीच. ती सहज दिसली की पुढे जा.

हे माप टाळू नका. अपेक्षा किती ठेवायची ते इथे ठरतं.

७. वस्तू निवडा: आकडा फसवतो

या टप्प्यावर सर्वांत जास्त लोक हरतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पुस्तकात त्रिकोण तारकासमूहातल्या एम३३ दीर्घिकेची प्रत ५.७ दिलेली असते (एम म्हणजे मेसिये या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला क्रमांक). शौरी तारकासमूहातल्या एम१३ या तारकागुच्छाची ५.८. जवळजवळ सारखीच. आणि लायरा तारकासमूहातल्या एम५७ या कंकणाकृती तेजोमेघाची ८.८, म्हणजे पुष्कळच मंद. तर मग डोंबिवलीतून कोणती वस्तू दिसते?

एम१३ दिसतो. एम५७ दिसतो. एम३३ दिसत नाही. मी दोन हिवाळे एम३३ च्या मागे घालवले, दुर्बिणीची जुळणी पुन्हा पुन्हा तपासली, आणि दुर्बिणीत काही दोष नव्हता.

कारण असं की दीर्घिकेची प्रत काढताना तिचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला असं धरतात. एम३३ प्रत्यक्षात पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून लांब पसरली आहे. तेवढाच प्रकाश एवढ्या मोठ्या जागेवर पसरवला की प्रत्येक कणाला आलेला वाटा आकाशाच्या राखाडी उजेडापेक्षा कमी भरतो. चमचाभर तूप एका पोळीला लावलं तर कळतं, वीस पोळ्यांना लावलं तर कळत नाही. एम५७ मध्ये तूप थोडंच आहे, पण पोळी नाण्याएवढी.

म्हणून उपनगरात निवडीचा नियम: ठिपका किंवा लहान आणि दाट वस्तू घ्या, पसरट वस्तू सोडा. दुसरा नियम: वस्तू चार मुठींपेक्षा वर असू द्या. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश. तीस अंशांवर तुम्ही डोक्यावरच्या दुप्पट हवेतून बघत असता, आणि शहराचा उजेडही तिथे दाट असतो. आकाश रोज चार मिनिटं लवकर सरकतं, महिन्याला दोन तास. आज वस्तू पूर्वेला खाली असेल तर पुढच्या महिन्यात त्याच वेळी वर असेल. घाई करू नका.

आता माझी यादी, गच्चीवर पुन्हा पुन्हा तपासलेली.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच अभिजित तारा वायव्येला उंच असतो. त्याच्याजवळ एम५७, आणि हंसाच्या चोचीचा तारा. हा चोचीचा तारा दुर्बिणीत दोन होतो, एक सोनेरी, एक निळसर, मध्ये ३४ विकलांचं अंतर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). कितीही उजेड असो, तो तसाच दिसतो. पहिल्या रात्री कोणालाही हाच दाखवा.

नोव्हेंबर-डिसेंबरात देवयानी दीर्घिका, एम३१. दिसते, पण गाभाच. कापसाच्या बोळ्याएवढा राखाडी ठिपका, फोटोतले हात नाहीत. हे आधीच ठाऊक असेल तर तो ठिपका पाहूनही अंगावर काटा येतो, कारण तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या मधला जुळा तारकागुच्छही याच दिवसांत.

जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे उपनगरवाल्यांची दिवाळी. मृगातला एम४२ तेजोमेघ फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री पावणेनऊच्या सुमारास दक्षिणेला पासष्ट अंशांवर येतो. त्याच्या पोटातले चार तारे पन्नास पटीला वेगळे होतात. कृत्तिका, व्याधाच्या चार अंश खालचा एम४१, पुष्यातला मधमाश्यांच्या मोहोळासारखा एम४४. पुष्य नुसत्या डोळ्यांना उपनगरातून दिसेनासंच झालं आहे, याचं मला फार वाईट वाटतं. पण मघा आणि पुनर्वसूच्या मधोमध दहा-पन्नासची (दहा पट, पन्नास मिमी भिंगाची) द्विनेत्री फिरवा, मोहोळ तिथेच आहे.

एप्रिल-मेमध्ये वसिष्ठाची जोडी. अरुंधती नव्हे, स्वतः वसिष्ठच दुर्बिणीत दोन होतो, १४ विकलांवर. आणि चार मुठींच्या नियमाला एक अपवाद: ओमेगा सेंटॉरी. हा गुच्छ आपल्या अक्षांशावरून दक्षिणेला तेवीस अंशांच्या वर येतच नाही, पण इतका तेजस्वी आहे की उजेड भेदतो. शोधायची युक्ती सोपी. मेच्या शेवटी साडेनऊ-दहाच्या सुमारास चित्रा बरोबर दक्षिणेला येते, तेव्हा तिच्या सरळ खाली साडेतीन मुठी मोजा. दक्षिणेला मोठं शहर नसेल तर द्विनेत्रीतही गोल, धुरकट गोळा दिसतो. युरोपातल्या बहुतेक देशांत तो क्षितिजाच्या वरच येत नाही.

एम३३, एम१०१, अश्वमुखी तेजोमेघ: यांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. त्यांचं काम पुढे दहाव्या टप्प्यात.

८. आता दुर्बीण

अजून घेतली नसेल तर दहा-पन्नासची द्विनेत्री घ्या. सात-पन्नास नको. पन्नासला सातनं भागलं तर सात येतं, म्हणजे सात मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. उपनगरात बाहुली तेवढी उघडतच नाही, आणि पार्श्वभूमीही जास्त उजळ दिसते. हात हलतो म्हणून द्विनेत्री उभ्या काठीच्या टोकावर टेकवा. आडवं पडून बघायचं तर चटईखाली जुनी गोधडी घाला. अशी टेकवून धरली की गुरूचे चार चंद्र सहज दिसतात.

मोठी दुर्बीण असेल तर हा क्रम:

१) संध्याकाळीच बाहेर काढून ठेवा. सहा इंची आरशाला गच्चीच्या तापमानाला यायला अर्धा-पाऊण तास लागतो. बंद घरातून काढून लगेच बघितलं की प्रतिमा लिबलिबते.

२) नळीच्या तोंडाला योगा मॅटचा तुकडा गुंडाळून फूटभर पुढे काढा, आतून काळा. बाजूचा उजेड अडतो आणि दवही थांबतं.

३) शोधक दुर्बीण (मोठ्या नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर जुळवा. घरांच्या खिडक्यांवर नाही. लाल ठिपक्याचा शोधक गावाकडे छान, पण उपनगरात ज्या ताऱ्यावर ठिपका ठेवायचा तो ताराच दिसत नाही. आठ-पन्नासचा भिंगाचा शोधक लावला तर डोळ्यांना न दिसणारे मधले तारे मिळतात आणि टप्प्याटप्प्यानं पोहोचता येतं.

४) कमी पटीच्या आयपीसनं शोधा, मग पट वाढवा. बहुतेक जण इथे थांबतात, कारण कमी पटीला वस्तू जास्त उजळ दिसते असं वाचलेलं असतं. १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस ४८ पट देतो, १० मिमीचा १२० पट. पट अडीचनं वाढली की आकाशाचा राखाडी उजेड सहापटीनं फिका पडतो. तारे मात्र बिंदूच राहतात, म्हणून तारकागुच्छ एकदम उठून दिसतो. तेजोमेघ आकाशाइतकाच फिका होतो हे खरं, पण मोठा झालेला मंद डाग डोळ्याला लहान डागापेक्षा सहज कळतो. एम१३ हा ४८ पटीला धुरकट गोळा दिसतो. १२० ला कडेचे तारे सुटे होऊ लागतात.

५) एका वस्तूला पंधरा मिनिटं द्या. आयपीसला डोळा लावून श्वास शांत ठेवा, नळीला हळूच टिचकी मारा. हललेली मंद वस्तू डोळा पटकन पकडतो.

सावधान: रात्रभर बसून पहाट झाली तर सूर्योदयाआधी दुर्बिणीला झाकण लावा. आणि सूर्याकडे योग्य फिल्टर पुढच्या तोंडावर लावल्याशिवाय दुर्बीण कधीच, अगदी क्षणभरही, वळवू नका. डोळा जातो आणि दुखतही नाही. घरात मुलं असतील तर दिवसा दुर्बीण आतच ठेवा.

९. फिल्टर

थोडक्यात सांगतो. रस्त्यांवर पिवळे सोडियम दिवे होते तेव्हा त्यांचा प्रकाश ठरावीक रंगांतच असायचा आणि फिल्टरनं तो कापता यायचा. आताचे पांढरे एलईडी सगळ्या रंगांत पसरलेले असतात, त्यामुळे "शहरी आकाशासाठी" म्हणून विकले जाणारे जुन्या धाटणीचे फिल्टर फारसे उपयोगी राहिले नाहीत. यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टर मात्र फक्त तेजोमेघाचा हिरवट-निळा प्रकाश आत सोडतात. एम४२ वर फरक दिसतो. दीर्घिका आणि तारकागुच्छांवर काहीच नाही, उलट ते मंद होतात. पहिल्या वर्षी फिल्टर घेऊ नका.

१०. उजेड कमी करा, आणि अधूनमधून लांब जा

आपल्याच सोसायटीपासून सुरुवात करा. आवारातले फ्लडलाइट बहुतेक वेळा आडवे लावलेले असतात आणि त्यांचा अर्धा उजेड समोरच्या घरांत आणि आकाशात जातो. तोंड खाली वळवलं की जमिनीवर उजेड वाढतो आणि गच्चीवर कमी होतो. इलेक्ट्रिशियनचं दहा मिनिटांचं काम. सभेत मांडताना "मला तारे बघायचे आहेत" असं म्हणू नका. "पार्किंगमध्ये उजेड नीट पडत नाही आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांना झोप येत नाही" हे दोन्ही खरं आहे आणि तेच सगळ्यांना पटतं. रस्त्यावरच्या दिव्यासाठी खांबावरचा क्रमांक लिहून पालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज द्या, सोबत तुमच्या खिडकीतून घेतलेला फोटो. पोच घ्या. पाठपुरावा करावा लागतो.

वहीच्या शेवटच्या पानावरच्या वस्तूंसाठी लांब जायला हवं. मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढचं वांगणी हे मुंबईकरांचं जुनं ठिकाण. आता तिथेही वायव्येचं आकाश उजळलेलं असतं, पण दक्षिण आणि पूर्व अजून बरीच राहिली आहे. खगोल मंडळासारख्या संस्था तिथे रात्रभराचे कार्यक्रम घेत आल्या आहेत. पहिल्यांदा त्यांच्यासोबतच जा, एकट्यानं माळावर बसू नका. विदर्भाकडे जाणं झालं तर पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. २०२४ च्या जानेवारीत त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

जाण्याआधी गच्चीवर किमान महिनाभर सराव करा. अंधाऱ्या आकाशात इतके तारे दिसतात की नवख्याला ओळखीचं मृगसुद्धा सापडत नाही.

११. वही

निरीक्षण संपलं की खाली येण्याआधी, लाल उजेडातच, पाच ओळी लिहा. तिथी, वेळ, आकाशाचं माप, काय दिसलं, आणि काय दिसलं नाही. न दिसलेलं लिहिणं जास्त महत्त्वाचं. पुढच्या वेळी तीच वस्तू दिसली की काय बदललं ते कळतं. कोणता दिवा कधी बंद होतो हेही लिहा. दोन महिन्यांत तुमच्या गच्चीचं वेळापत्रक तयार होतं.

माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देतो:

"माघ वद्य नवमी. दुपारी मलंगगड स्वच्छ. रात्री ८.५० ला सुरुवात. मृगशीर्षात दोन तारे सरळ, तिसरा तिरक्या नजरेनं. एम४२, ४८ पट: चार तारे, पंख एकीकडे लांब. १२० पट: चौघांमधला सगळ्यात मंदही स्वच्छ. एम४१, द्विनेत्री: सात तारे मोजले. १०.०५ ला मागच्या इमारतीचा फ्लडलाइट बंद. १०.२० ला शीर्षातला तिसरा तारा सरळ नजरेनं."